बाबा आणि गार्गीचा सेक्रेटरी

८ फेब्रुवारी २०१५, रविवार

दुपारी बाबांशी स्काइप. ठाण्यात जेमतेम उजाडलेलं, तरी केस विंचरून, शर्टाची वरची गुंडी लावून बसलेले. मंत्रालयातून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, मीटिंगची सवय जात नाही. विषय: गॅसला आधार जोडणं, सोसायटीचं नॉमिनेशन, आईच्या नावावरचं लॉकर. मी लिहून घेतलं. तब्येत विचारली. "ठीक." मग बरं, ठेवू का.

ठेवता ठेवता म्हणाले, गार्गीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलंस का. मी म्हटलं, तुम्ही वाचलंत? दोनदा, म्हणाले. चेहरा एकदम वेगळाच. आई गेल्यापासून असा पाहिला नव्हता.

धाकटी बहीण माझी, आणि मला माहीतही नव्हतं की ती त्यांना प्रकरणं पाठवते.

२२ मार्च

हॅमिल्टनला, गार्गीच्या युनिव्हर्सिटीच्या गावी, पाडव्याचा कार्यक्रम. हॉल गच्च, श्रीखंड संपलं, आमच्या लेकीचा, सईचा, एक सँडल हरवला. नंतर गार्गीच्या फ्लॅटवर चहाला.

तिनं आपणहून दाखवलं. लपवाछपवी नाही, तेच जास्त लागलं. बाबांच्या मेल्सचे प्रिंट, जाडजूड गठ्ठा. "ताई, ऐक ना, काय सुंदर लिहितात" म्हणत वाचायला लागली.

तिचा तो अमेरिकन. दोनशे वर्षांपूर्वीचा, खजिन्याच्या खात्यातला सेक्रेटरी. देश नवा, सरकार नवं, राजधानी फिलाडेल्फियाहून हलवली आणि हा एकटा नव्या राजधानीच्या चिखलात, बायको मुलं मागे. वरिष्ठांना पत्रं, बायकोला पत्रं. गार्गी त्यावर पीएच.डी. करते. बाबांनी त्यावरून लिहिलंय की हिवाळी अधिवेशनाला सगळं मंत्रालय नागपूरला जायचं तेव्हा ते आईला रोज पत्र लिहायचे. खोलीत थंडी इतकी की तिनं विणलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घालून झोपायचे. ती उत्तरात दुधवाल्याचं आणि मुलींच्या खोकल्याचं लिहायची, आणि शेवटी एकच ओळ आपली. ती ओळ काय असायची ते बाबांनी लिहिलेलं नाही. गार्गी म्हणाली, विचारणार आहे.

तेव्हा गार्गी चार वर्षांची. मी दहा. खालच्या पेटीतून टपाल मीच वर आणायचे. रोज हातात धरून जिना चढले असेन आणि मला कुणी सांगितलं नाही.

परतताना नवऱ्याशी, निखिलशी, धड बोलले नाही.

९ एप्रिल

गार्गीकडून प्रकरण मागून घेतलं. सांगितलं, उत्सुकता आहे म्हणून.

लंचला कामावर, पेनरोजच्या ट्रक डेपोतच बसून वाचते. बाहेर फोर्कलिफ्टचं पिंपिं, समोर डिस्पॅचचा बोर्ड, मध्ये हा सेक्रेटरी. इंग्रजी जड आहे. माणूस मला आवडत नाही. प्रत्येक पत्रात आपलीच रड. बायको मात्र शहाणी आहे. तापाची साथ, भाडेकरू, मुलाचं शिक्षण, सगळं निस्तरून ती त्याला लिहिते की तुमची तब्येत सांभाळा.

१२ एप्रिल

स्काइप. मुद्दाम आधार वगैरे लवकर संपवलं. म्हटलं, बाबा, मला वाटतं खरं राज्य ती बायकोच चालवत होती. मनात दोन दिवस घोळवलेलं वाक्य.

बाबा खूश झाले. म्हणाले, "अगदी बरोबर. गार्गीनंही तेच म्हटलंय, चौथ्या प्रकरणात."

निखिल म्हणतो, तू जळतेयस. मी म्हटलं, काहीही. स्वतःच्या बहिणीवर?

जळतेय.

आई आजारी पडली तेव्हा पहिल्या फ्लाइटनं मी गेले. हॉस्पिटल, दाखला, पेन्शनीच्या कागदांवरून आईचं नाव काढणं, सगळं मी केलं. गार्गी नुकती इथं आली होती, तिला पोचता आलं नाही. तिचा दोष नाही, मान्य. पण आता तिच्याशी आईबद्दल बोलतात आणि माझ्याशी लॉकरबद्दल.

२१ मे

बाबा आले. व्हिसा, तिकीट, इन्शुरन्स, सगळं मीच केलेलं. एअरपोर्टवर बाहेर येताच म्हणाले, "कागदपत्रं अगदी चोख होती हो. ऑफिसरनं एक प्रश्न विचारला नाही." ही माझी शाबासकी.

खोली छान झाली आहे. इथं थंडी सुरू, म्हणून हीटर; खिडकीशी खुर्ची, त्यांचा चहा. सई मराठीतलं सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतच, आणि ते तिच्याशी मुद्दाम जड मराठी बोलतात. दोघं खिदळतात. मीही रजा टाकली आहे.

जेवताना विचारलं, शनिवारी गार्गीकडे सोडशील का. आठवडाभर राहतो म्हणाले.

१४ जून

आठवड्याचा महिना होत आला. फोन केला की मागून गार्गीचा आवाज, बाबा हा शब्द बघा ना. कधी येताय विचारलं. "एवढी दोन पत्रं झाली की." खिडकीशी खुर्ची तशीच. तिच्यावर आता सईचे धुतलेले कपडे.

११ जुलै, शनिवार

शाळेला हिवाळ्याची सुट्टी. सईला घेऊन बाबांना आणायला गेले. वाटभर धुकं, हॅमिल्टनच्या अलीकडे तर समोरची गाडी दिसेना.

आत गेले तर दोघं किचनच्या टेबलावर लॅपटॉपला चिकटलेली. बाबांच्या अंगावर निखिलचं जॅकेट, मी पाठवलेलं. कागद वाचवायला त्या काळी आडवं लिहून झालं की त्याच कागदावर उभं लिहायचे म्हणे. ती जाळी बाबा सोडवत होते. त्यांना कळलं होतं की सेक्रेटरी बायकोला लिहिलेली पत्रं सरकारी टपालात घालून फुकट पाठवायचा. बाबा खरोखर चिडलेले. आयुष्यात ऑफिसची पेन्सिल घरी आणली नाही त्यांनी. मला शाळेत हवी होती तरी नाही. म्हणत होते, याला मी असतो तर मेमो दिला असता. गार्गी हसून हसून लाल. सईही हसायला लागली, काही न कळता.

मी दारात उभी. शूज पण काढले नव्हते.

म्हटलं, बरोबरच आहे बाबा. सरकारी आणि घरचं वेगळंच ठेवावं. तुम्ही ठेवलंतच की. मला सगळी सरकारी पत्रं, हिला सगळी घरची.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, उठून बाथरूममध्ये गेले. नळ बराच वेळ चालू. गार्गी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी त्यांना पहिल्यांदा सेक्रेटरीचं पत्र पाठवलं ना, तेव्हा ते जेवत नव्हते नीट. एकटे होते. मला दुसरं काही सुचलं नाही." मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू डबा लावून दिला असतास.

लावला असता. त्यात काय चूक आहे?

बाबा बॅग घेऊन माझ्याबरोबर आले. सई मागे झोपली. घरी पोचल्यावर म्हणाले, गाडी चांगली चालवतेस.

२६ जुलै

गार्गीचा फोन. तिला फिलाडेल्फियात सहा महिन्यांची फेलोशिप मिळाली. जानेवारीपासून. ज्या पत्रांचे स्कॅन वाचत होती ती आता हातात घेऊन बघणार. आनंद झाला मला, खरंच झाला. मग म्हणाली, बाबांनाही बोलवते, मार्च-एप्रिलमध्ये. "व्हिसाचा फॉर्म तू भर ना ताई, तुला हे जमतं."

बाबा शेजारीच बसले होते. ऐकू आलं त्यांना. वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबले.

मी म्हटलं, हो, भरते.

१० ऑगस्ट

फॉर्म भरलेला नाही. परवा बाबांनी विचारलं, मी म्हटलं साइट चालत नाहीये. काल गार्गीनं विचारलं, म्हटलं फोटो त्यांच्या मापात बसत नाहीये. साइट व्यवस्थित चालते. फोटोही बसतो.

निखिलला सांगितलं नाही. डेपोत आज एका ड्रायव्हरची डिलिव्हरी उशिरा गेली म्हणून त्याला झापलं. मी!

बाबा आता इथंच आहेत. सईला संध्याकाळी बागेत नेतात, मला डाळ निवडून देतात. सगळं मला हवं तसं. पण दुपारी गार्गीचा मेल आला की खुर्चीत सरळ बसतात.

२३ ऑगस्ट, रविवार

नि. आणि सई पोहायला गेलेले. मी भाजी चिरत होते. बाबा समोर येऊन बसले. म्हणाले, फॉर्मचं काय झालं. मी साइटचं सुरू केलं. त्यांनी हात वर केला, ऑफिसात करत असतील तसा.

"मेधा, मी छत्तीस वर्षं फायली बघितल्या. कुणी दाबून ठेवली की मला वासानं कळतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी चिरत राहिले, मग ठेवली सुरी. म्हटलं, हो, मीच भरला नाही. तुम्ही तिच्याकडे जाऊ नये असं वाटलं.

ते म्हणाले, "मग तसा शेरा मारायचा. फाइल दाबायची नाही."

काय शेरा मारू? की मलाही लिहा? असं सांगून लिहून घेण्यात काय अर्थ. हे बोलले की नाही, आता आठवत नाही. बोलले असेन, कारण त्यांनी त्यालाच उत्तर दिलं. म्हणाले की तुला लिहायला बसलो की वाटतं, हिला वेळ नसेल, कामाचं तेवढं लिहावं. तू लहानपणापासून... वाक्य तिथंच सोडलं. मी पुढचं विचारलं नाही. रडायला येत होतं आणि कांद्यावर ढकलायची सोय नव्हती, दुधी चिरत होते.

३० ऑगस्ट

फॉर्म भरला. दोघं शेजारी बसून. प्रवासाचा उद्देश विचारला तेव्हा मी "संशोधनात मदत" लिहू का म्हटलं, जरा खवचटपणेच. ते म्हणाले, "मुलीला भेटणे" लिही. लिहिलं.

मध्येच विचारलं, आई पत्राच्या शेवटी काय लिहायची? बाबा हसले. म्हणाले, गार्गीनंही विचारलं होतं. तिला नाही सांगितलं.

मलाही नाही सांगितलं. पण तिला नाही सांगितलं!

दिवसभर बरं वाटलं. किती क्षुद्र.

२७ सप्टेंबर

बाबा गेले. गार्गी हॅमिल्टनहून आली होती निरोपाला. त्यांनी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या. मग सईच्या. सई म्हणाली, "आजोबा, कम बॅक सून, ओके?" ते म्हणाले, येतो हं. पार्किंगमध्ये गार्गी माझ्या खांद्याला टेकून रडली. मी तिची पाठ थोपटली. माझी लहान बहीण आहे ती. आणि तरीही मनात हेच, की तिच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ होता.

घरी येऊन खोली आवरली.

१८ नोव्हेंबर

आज मुंबईत बाबांचा व्हिसाचा इंटरव्ह्यू. डेपोत दिवसभर लक्ष नाही. शहरातच नॉर्थ शोरला जायचा माल हॅमिल्टनच्या ट्रकवर चढवला, वेळेत लक्षात आलं.

घरी आले. गार्गी ऑनलाइन, बाबा ऑनलाइन. दोघंही. म्हणजे तिला आधी सांगितलं. फोन उपडा ठेवला आणि पोळ्यांना लागले.

मग फोन वाजला. बाबा. "मिळाला." मी म्हटलं, गार्गीला कळलं असेल. नाही, म्हणाले, तिला आता करतो. मघापासून तुझा नंबर लावत होतो पण नेट जात होतं. फॉर्म चोख होता म्हणाले. मी वाट बघत होते ठेवण्याची.

ठेवला नाही. म्हणाले, एप्रिलमध्ये सईला सुट्टी असते ना. तुम्ही दोघी तिकडे याल का, दोन आठवडे? ती मूळ पत्रं तूही बघ. त्या बाईचं अक्षर बघायला हवं तू, सेक्रेटरीच्या बायकोचं. गार्गीला अजून बोललो नाही, आधी तुला विचारतोय.

मी म्हटलं, रजा बघावी लागेल. ते म्हणाले, बघ. मागे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.

ठेवल्यावर रोस्टर उघडला. एप्रिलमध्ये दोन आठवडे काढता येतील, इतरांशी अदलाबदल केली तर. नि. म्हणतो, जा, विचार काय करतेस.

विचार हा करतेय की हे त्यांना आपणहून सुचलं की गार्गीनं सुचवलं. "ताईला पण बोलवा" म्हणाली असेल ती, तशीच आहे. आणि "आधी तुला विचारतोय" हेही तिनंच पढवलं असेल तर?

तिला फोन करून सरळ विचारावं म्हणून नंबर काढला. ती खोटं बोलत नाही. ती हो म्हणाली तर मी काय करणार. नाही म्हणाली तर काय करणार, तेही ठरवलेलं नाही. सई विचारतेय, फिलाडेल्फियाला पोहायचे टॉग्ज घ्यायचे का. घे म्हटलं.

नंबर अजून समोर आहे.