आपलं कुणी आहे का तिथं?

व्हर्जिनिया, डिसेंबर १८६२

आई,

हे पत्र मी धाडणार नाही. तुला वाचता येत नाही. पाद्रीबाबा ते गावासमोर वाचून दाखवतील आणि मला ते सोसणार नाही.

इथं अमेरिकेचीच उत्तर-दक्षिण अशी दोन सैन्यं आपसात लढतायत, मी उत्तरेकडून. काल लढाई थांबल्यावर समोरच्या शेतात शत्रूचा एक शिपाई जखमी होऊन पडला होता. तो हाका मारत होता, आपल्या आयरिश भाषेत. "आपलं कुणी आहे का तिथं? घोटभर पाणी द्या रे!" बोलणं थेट आपल्या किनाऱ्याचं.

शेजारी बसलेल्या, माझ्याच पलटणीतल्या एझ्रानं मला कोपरानं ढोसलं. "काय बडबडतोय रे तो? तुमच्यातलाच दिसतोय."

आई, भरती झालो तेव्हा माझ्या बोलण्याला ही पोरं कोंबड्यांचा कलकलाट म्हणायची. म्हणून मी ठोकून दिलं होतं, मला ती भाषा येतच नाही.

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

"मग बोंबलू दे," म्हणत त्यानं पाइप पेटवला. खरं सांगितलं असतं तर तोसुद्धा उठला असता, तसा भला आहे. पाण्याची भरलेली बाटली माझ्या कमरेलाच होती. दिवेलागणीपर्यंत तो माणूस हाका मारत राहिला. मग थांबला.

मी अमेरिकेला निघालो तेव्हा रीतीप्रमाणे शेजारणींना घेऊन तू माझ्यासाठी रडलीस, घरात मढं असल्यासारखी. मी हसलो होतो, "अगं, जिवंत आहे की मी!"

आता कळतं, तू उगाच रडली नव्हतीस.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
बार्टली