थंड होताना

३ नोव्हेंबर, नोएडा

पाती आली! राखाडी, देखणी. वीज बनवणाऱ्या टर्बाइनमध्ये ही लाल तापून गरगरणार. वर ॲल्युमिनियमचा कठीण थर — आमच्या लॅबप्रमुख लतामॅडमची स्वतःची कृती, त्यापायी केस पांढरे झाले त्यांचे. मी कठीणपणा मोजला — अव्वल! एक पातं तापवून वाकवलं, तरी थर शाबूत. शुक्रवारी माल जाणार. मॅनेजर हरीश आत्ताच काजूकतली वाटायच्या बेतात.

४ नोव्हेंबर

मॅडम म्हणाल्या, "अवनी, गरम असताना वाकवलंस. आता ताणात ठेवून गार कर."

मला थट्टा वाटली, मी हसले. त्या हसल्या नाहीत.

६ नोव्हेंबर

तापवलं, ताणलं, गार केलं. असं पुन्हा पुन्हा. मग लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पूड फवारली — आणि बारीक तांबड्या रेघा उमटल्या! तडे! थर गरम आहे तोवर धातूबरोबर थोडा ताणला जातो. गार झाला की काच. आणि वरचा तडा हळूहळू आत धातूत उतरतो.

"अच्छा! कठीण करायच्या हौसेत मीच ठिसूळ केला. थर जाड झालाय," मॅडम म्हणाल्या. आणि चक्क डबा उघडला! मला थालीपीठ दिलं.

हरीश भडकला. "हार्डनेस तो पास है ना, मॅडम! चलती मशीन में ठंडा कहाँ होगा?"

"मशीन कभी बंद भी तो होगी, हरीशजी."

जगात ज्याला-त्याला आपला तो बाब्या असतो. या बाईंनी स्वतःच्या बाब्यालाच नापास केलं! मला असं होता येईल का? बहुतेक नाही. मी तर घरी येऊन रडले.

७ नोव्हेंबर

मॅडमनी माल अडवला. थर पातळ करून पुन्हा बनवू म्हणाल्या. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडणं बाहेरपर्यंत ऐकू आलं — मालकांचंच.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पातं तुटलं तर यंत्र फाडत जातं गं. तिथे माणसं उभी असतात."

१० नोव्हेंबर

मॅडमना लॅबमधून काढून गुरुग्रामच्या ऑफिसात बसवलं. लॅबप्रमुख — मी! हरीशने "बधाई हो!" म्हणत हात मिळवला आणि त्याच पात्यांचा मंजुरीचा कागद पुढे सरकवला.

आईला फोन केला. बढती ऐकून रडलीच ती. "पोरी, नाव काढलंस!" कागदावर 'नामंजूर' लिहून आलेय, हे सांगायचं धाडस झालं नाही.