फाट्यावरून वळलेली जीप

अण्णा, तुम्ही चालवायचात ती सरकारी जीप मी विकत घेतली. साठीच्या बाईनं भंगारातली जीप घ्यावी, यावर सून अजून तोंड दाबून हसते. हसू दे. नांदेडच्या एका गॅरेजमागं ती विटांवर उभी होती, आत कोंबड्या बसलेल्या. स्टिअरिंगखाली तुम्ही खिळ्यानं कोरलेली महादेवाची पिंड दिसली नि ओळख पटली. आठ महिने मिस्तरी तिच्यावर खपला. एकदा गाडीखालूनच ओरडला, "ताई, कोण चालवत होतं हिला? चाकावरच्या स्प्रिंगचा एक बी पाटा बदललेला न्हाई. लई जपली बगा!" तो कौतुक करत होता आणि मी तोंड फिरवलं. पाटे कसे वाचले ते मला ठाऊक आहे ना.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. तुम्ही पाहणीच्या साहेबांचे ड्रायव्हर. साहेब लांबचे, त्यांना ना गावं माहीत ना वाटा. कुठून न्यायचं ते तुम्हीच ठरवायचं. साहेब ज्या गावचं करपलेलं रान डोळ्यांनी बघतील, त्या गावाला टँकर आणि दुष्काळी काम. फाट्यावरून एक वाट डांबरी, दुसरी नुसती दगडांची. दगडाच्या वाटेवर आत्याचं गाव, तुमच्या सख्ख्या बहिणीचं. पाहणी दोनदा झाली आणि तुम्ही दोन्ही वेळा साहेबांना डांबरीनं नेलं.

आत्या आली तो दिवस. मी भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय. ती उंबऱ्यातच बसते, पाणीसुद्धा घेत नाही. "दादा, पोरगी गेली माझी. हगवण लागली. हिरीच्या तळाचा गाळ गाळून पाजला म्या तिला. तुझी गाडी फाट्यापस्तोर येती, मग आमच्याकडं का न्हाई रं आली?" तुम्ही घास ताटात ठेवलात. "दगडात पाटा तुटला असता तर मला घरी बसवलं असतं," म्हणालात. तेवढंच. मला इतका राग आला की तव्यावरची भाकरी जळली तरी मी हलले नाही. निदान बहिणीसमोर काहीतरी खोटं तरी सांगायचं! त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललेच नाही. शेवटच्या आजारात औषध दिलं, पाणी दिलं, अंथरूण बदललं, पण जवळ बसून दोन शब्द बोलले नाही.

म्हणून ही जीप, अण्णा. तुम्ही नेली नाहीत तिथं मी नेणार होते. आत्या अजून आहे, त्याच गावात, नजर गेलेली. फोन केला तर म्हणाली, "ये माय. दारात उभी कर आन् हारन वाजव. दिसंना झालंय मला, पर आयकू येतंय." मी एकटीच निघाले. मुखेड मागं पडलं, जिल्ह्याची हद्द ओलांडली, रस्ताभर लोक वळून जीपकडं बघत होते आणि खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. फाटा आला. दगडाची वाट अजून दगडाचीच आहे. मी गाडी आत घातली. पुढचं चाक पहिल्या दगडावर चढलं, खाली पाटा करकरला, आणि माझा पाय ब्रेकवर गेला. कुणी साहेब शेजारी नव्हता, कुणी मला घरी बसवणार नव्हतं. चालत गेले असते तरी तासाभराची वाट. पण आत्यासमोर उभी राहून काय बोलणार होते मी, तुमच्या वतीनं? जीप मागं घेतली आणि डांबरीनं उदगीरकडं निघाले. वाटेत आत्याचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही.

हे लिहून कुठं पाठवणार, ते तुम्हीच सांगा. डाळीच्या डब्याखाली ठेवतेय, तिथं कुणी बघत नाही. घरी सगळ्यांना सांगितलंय की आत्या भेटली, जीपवरून हात फिरवला, खूप रडली. सून ऐकता ऐकता रडली. अण्णा, तुम्ही खरं तरी बोलला होतात.