सोळावं प्रकरण

३ नोव्हेंबर, सोमवार

आला! विनिताताईंचा मेल आला! पंधराच्या पंधरा प्रकरणं आवडली त्यांना. "सोळावं तीस तारखेच्या आत दे, म्हणजे जानेवारीत पुस्तक काढू." मेल तीनदा वाचला. मग जिन्यात जाऊन एकटीच नाचले. पायरी चुकली, गुडघा फुटला. फुटू दे!

पण खाली अजून एक ओळ होती. "टोपणनावानं काढायचं नाही, हफसा. शाळांमधून कार्यक्रम करू. मुलींनी तुला बघायला हवं. पूर्ण नाव आणि फोटो पाठव."

झालं का! ब्लॉगवर तीन वर्षं मी 'लूमवाली'. किशोरांच्या पुस्तकांवर लिहिणारी ही बाई कोण, कुठली, कुणाला पत्ता नाही. आता पुस्तकावर छापायचं हफसा नूरुद्दीन बुबेरे? नूरुद्दीन म्हणजे आमचे अब्बा. आणि कादंबरीत जो बाप आहे ना — इथे तरी कशाला खोटं बोलू — तोही अब्बाच.

पुस्तक होणार. ते नक्की. बाकीचं बघू.

५ नोव्हेंबर, बुधवार

ब्लॉगवर एका मुलाने विचारलंय, "ताई, तुमची लिहायची खोली कशी आहे?" खोली! कारखान्याचा माळा, बाळा. खाली चोवीस यंत्रमाग, आमच्या भाषेत लूम; वर मी आणि कापडाचे ताके. ताक्यावर वही, दुसऱ्या ताक्यावर बूड. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, होते तेव्हा इथून कामगारांवर नजर ठेवायचे, म्हणून कारखान्याच्या बाजूला ही मोठी काच. आता तिच्यावर वर्षानुवर्षांचा कापसाचा भुगा.

पण जागा झकास. सकाळच्या शिकवण्या आटपल्या की दुपारी मी वर. प्रकरण झालं की काचेपाशी उभं राहून मोठ्याने वाचायचं, हा नियम. ब्लॉगवर सगळ्यांना तोच उपदेश करते — "मोठ्याने वाचा, खोटं वाक्य लगेच पकडलं जातं." घरात वाचायची सोय नाही, अम्मी ऐकते. इथे खाली अशी खटाखट चाललेली असते की माझं मलाच ऐकू येत नाही. तरी जीभ अडखळते तिथे वाक्य वाईट, हे बरोबर कळतं.

चार वाजता अब्बा खाली चहाचा कप घेऊन उभे असतात, बरोबर माझ्या काचेच्या समोर. काचेच्या वरच भिंतीवर कारखान्याचं घड्याळ आहे. त्याच्याकडे टक लावून बघतात! घड्याळाकडे कामगाराने बघावं, मालक कशाला बघतो?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. आठवड्यातून हा एकच दिवस गावाला कान असतात. अम्मीने स्वयंपाकघरातून नुसते ओठ हलवले — मीठ आण. सहा दिवसांची सवय! आमच्याकडे कुणी ओरडत नाही, ओरडून उपयोगच नाही. "अम्मी, आज आवाज आहे, वापर की!" म्हटलं. हसली.

आज ब्लॉगवर नवीन आलेल्या एका किशोर कादंबरीची धुलाई केली. चार मुलं, मे महिना, मामाचं गाव, गुहा, चोर, खजिना. अरे किती वर्षं! आमच्या भिवंडीत गुहा नाही, गोडाऊन आहे. चोर शिरला तर आधी वॉचमनकडे मोबाईल जमा करील आणि मग पार्सलांमध्ये हरवेल. असंच लिहिलं. दुपारपर्यंत बासष्ट जणांनी वाचलं. बासष्ट!

९ नोव्हेंबर, रविवार

सोळावं झालं. एका बैठकीत. हात दुखतोय.

कादंबरीतली अतिया दहावी पास होते. हॉस्टेल असलेल्या कॉलेजात नंबर लागतो. फॉर्मवर बापाची सही हवी. बाप म्हणतो, "बघू." फॉर्म कपाटाच्या खणात जातो. शेवटच्या दिवशी अतिया खण उघडते, फॉर्म काढते, मावशीची सही घेते आणि पिशवी घेऊन कारखान्यातून सरळ बाहेर पडते. बाप लूमवर तुटलेला धागा जोडत असतो. मान वर करत नाही. संपलं.

काचेपाशी उभी राहून वाचलं. शेवटच्या पानाला रडू आलं, तरी वाचलं. अब्बा खाली होतेच, त्यांच्या घड्याळासमोर.

मी गेले नव्हते. अतिया जाते. माझा फॉर्म त्याच खणात राहिला आणि तारीख निघून गेली. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. "बघू" म्हणाले आणि बघितलंच नाही. मग घरी बसून बाहेरून बी.ए. केलं. सहा वर्षं झाली. मला अजून राग आहे. आहेच.

जेवताना अब्बांनी मुशी माशाच्या कालवणातला मधला तुकडा उचलून माझ्या ताटात घातला. आज काय झालं यांना?

११ नोव्हेंबर, मंगळवार

अम्मीला ताक्याखाली कादंबरीची प्रिंट सापडली. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली बाई, सगळं वाचून काढलंन. अब्बा उर्दू शाळेतले. मराठी बोलतात दिवसभर, पण अक्षर लागत नाही. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

"ह्ये तू त्यांच्यावर लिवलंस."

"कादंबरी आहे अम्मी."

"मना शिकवू नको. खणातला कागद मी बघितला व्हता."

बघितला होता! आणि गप्प बसली! मी तेच विचारलं तर म्हणाली, "तवा मी काय बोलनार व्हते?" मग बराच वेळ भांडी घासत राहिली. जाताना म्हणाली, "जुम्म्याला मानूस मान वर करून मशिदीत जातो. ती मान खाली जाईल असं करू नको, हफसा."

रडली असती तर मी भांडले असते. रडली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक ओळ लिहिली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

विनिताताईंचा व्हिडिओ कॉल. पहिल्यांदाच एकमेकींना बघितलं. पाच मिनिटांनी त्या हसायलाच लागल्या. "तू किती तोंड उघडून बोलतेस गं! मधे तुझा आवाज गेला होता, तरी मला सगळं कळलं." म्हटलं, ताई, लूमवाल्याची पोर आहे. आमच्याकडे कानांनी नाही, डोळ्यांनी ऐकतात.

मग मी घाबरत विचारलं, शेवट थोडा मऊ केला तर? त्या म्हणाल्या, "शेवट तुझा. पण एकच शेवट पाठव, आणि नाव लाव."

बालदिन म्हणून ब्लॉगवर काहीतरी गोड टाकायचं होतं. नाही टाकलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा शेवट लिहिला. बाप खण उघडतो, फॉर्म काढतो, सही करतो. अतियाच्या डोक्यावर हात ठेवतो. पेढेसुद्धा आणतो! पेढे! मीच लिहिले, माझ्याच हाताने.

काय वाईट आहे यात? सगळे खूश. अम्मी खूश. मुलींना आनंदी शेवट आवडतो.

मीच गेल्या वर्षी ब्लॉगवर एका पुस्तकाला "शेवटी साखर ओतली आहे" म्हणून झोडपलं होतं. गप्प बस, हफसा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवं सोळावं मोठ्याने वाचलं. माळ्यावर छान उजेड आहे आता, कुणीतरी काच पुसलीय. कारखान्याच्या बाजूने. दिवाळीची सफाई आत्ता आठवली वाटतं कुणाला.

सहीच्या वाक्याला तीनदा अडखळले. नियम नियम असतो — अडखळलं की वाक्य वाईट. नियम गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि वाचून संपवलं.

खाली अब्बांनी अर्धा चहा तसाच लूमच्या कठड्यावर ठेवला आणि निघून गेले. जेवताना अक्षर बोलले नाहीत. कापडाचा व्यापारी काहीतरी बोलला असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मेल आला. कमळ, इयत्ता नववी, पडघा. भावाच्या मोबाईलवर माझा ब्लॉग वाचते. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं. जसंच्या तसं उतरवते —

"लूमवाली ताई, तुम्ही सांगितलेली सगळी पुस्तकं मी शाळेच्या लायब्ररीत शोधते. त्यातली पाच मिळाली. मला एक विचारायचं आहे. पुस्तकातले बाबा शेवटी नेहमी ऐकतात. माझे बाबा ऐकत नाहीत. दहावीनंतर बस झालं म्हणतात. ज्यांचे बाबा ऐकत नाहीत अशा मुलीचं पुस्तक आहे का? मग ती मुलगी काय करते?"

उत्तर दिलं नाही. काय देऊ? पेढे देऊ?

२३ नोव्हेंबर, रविवार

"मग ती मुलगी काय करते?" दिवसभर डोक्यात तेच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कमळला उत्तर लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच — "आहे असं पुस्तक. येतंय. पण त्याच्यासाठी थांबू नकोस. तुझ्या बाईंना आजच सांग, आईला सांग, जो ऐकेल त्याला सांग. मी सांगितलं नव्हतं."

पाठवलं. "येतंय" असं लिहून बसले! म्हणजे आता तो पेढेवाला शेवट गेलाच. एका नववीतल्या पोरीला शब्द दिलाय मी.

अम्मीला सांगितलं, पहिलाच शेवट जाणार. नाव लावून. ती पीठ मळत होती. मळतच राहिली. मग म्हणाली, "त्यांना बाहेरच्या कुणी सांगण्यापेक्षा तू सांग. तोंडावर सांग." एवढं बोलायला तिला किती जड गेलं ते मला दिसलं. मी तिच्या पाठीला मिठी मारली. पीठ सगळं माझ्या ओढणीला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या सांगणार. जुम्म्याची नमाज पढून, जेवून ते बैठकीत बसतात तेव्हा. शुक्रवारच बरा. लूम बंद, माणसासारखं बोलता येतं. वाक्यं पाठ केली आहेत. "अब्बा, मी पुस्तक लिहिलंय. त्यात तुम्ही आहात. तुम्ही सही केली नव्हती, ते आहे." परवानगी मागणार नाही. फक्त सांगणार. हो म्हणोत, न म्हणोत, उद्या संध्याकाळी पहिलं सोळावं विनिताताईंना गेलेलं असेल. घराबाहेर काढलं तर काढू देत. नाही काढणार. पण बोलायचे थांबतील. ते मला सोसेल का, माहीत नाही. तरी सांगणार.

दुपारी किती वाजले बघायला कारखान्यात उतरले, मोबाईल चार्जिंगला होता. घड्याळात सव्वाअकरा! बाहेर तर ऊन उतरलेलं. ओसामा तिथेच सुताची कांडी भरत होता, आमचा सगळ्यात जुना कामगार. त्याला विचारलं. तो हसला. "बाजी, वो तो बकरी ईद से बंद है."

बकरी ईदपासून? म्हणजे कितीतरी महिने! मग अब्बा रोज चारला बघतात काय? म्हातारपण आलं, दुसरं काय. सवयीने बघत असतील.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवण झालं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अब्बा," म्हटलं, तेवढ्यात —

तेच बोलले. "सोळावा प्रकरण बदललास तू."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मधेमधे निसटलं. पान उलटताना तू मान खाली घालतेस. पन पोरगी पेटी-पिशवी घेऊन जाते, तो मी पूरा बघितला." चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस! मुकादमाशी, कामगारांशी, अम्मीशी ओठांनी बोलणारा! आणि मी आपली आवाजाच्या आडोशाला उभी, त्यांच्याकडेच तोंड करून! काच त्यांनीच पुसली होती.

"सही कुठं केली व्हती मी? खोटं कशाला लिवतेस?"

बाजूला अम्मी उभी होती. मग लूम चालू असल्यासारखे त्यांनी नुसते ओठ हलवले, सावकाश, मला नीट कळेल असे.

पैलाच दे. नाव पूरं लाव.