साडेपाचची बस आणि फुगलेल्या पेशी

भुकूम, शुक्रवार, १० नोव्हेंबर २००६

काल इथे लिहिलं ते चुकलं. 'औषधाने पोटॅशियमची दारं बंद केली, म्हणून फुगलेल्या पेशी पूर्ववत झाल्या नाहीत,' असं मी ठासून लिहिलं. खरं कारण पौडची साडेपाचची बस असावी.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पातळ द्रावणात फुगतात. मग आपल्या आवरणातली दारं उघडून पोटॅशियम बाहेर सोडतात, मागोमाग पाणी जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत त्या मूळ मापावर येतात. बिनऔषधाच्या पेशींना मी दुपारी वीस मिनिटं दिली. औषधाच्या पेशींना चारच मिनिटं, आणि बससाठी पळाले.

प्रयोगशाळेच्या मॅडम मात्र खूश. सोमवारी सगळ्यांपुढे माझा आलेख दाखवणार. माझं नाव घालून!

शेवटी आईला सांगितलं. मी शाळेत जायच्या आधीच भिजवलेला मनुका दाखवून फुगणं तिनेच शिकवलं होतं. भाकरी थापत म्हणाली, "मनुका फुगला की फुगलाच. तुझ्या पेशी आपणहून बारीक होत्यात, तर थांबायचं न्हाई व्हय?"

"बस चुकली असती, आई."

"मग त्यास्नी बसची येळ सांगायची हुती!"

बाबांना जेवता जेवता ठसका लागला.

हसू मलाही आलं, पण आलेख डोक्यातून जाईना. औषध खरंच चाललं असेल तर? असेलही. पण मला ते माहीत नाही, आणि आलेख म्हणतो, माहीत आहे.

मॅडमना सांगायचं, मग पुन्हा पूर्ण वीस मिनिटं मोजायची. बस गेली तर गेली. त्यांचा चहा झाला, कामं सुरू झाली की माझा धीर आटतो, म्हणून पहिल्या चहाआधीच: उद्या, शनिवार, ११ नोव्हेंबर.