आबांचा उलट फोन

७ नोव्हेंबर
भात झोडून झालं. अंग आंबलंय. पाहुण्यांना भाड्याने देतो त्या दोन्ही खोल्या रिकाम्या. बरंच झालं.
दुपारी आबा (सासरे) ओट्यावर फोन कानाला लावून बसलेले. इंद्रायणी भात यंदा पावसानं कसं लोळवलं ते सांगून झालं, मग गुडघा. वाटलं, बहिणीशी, आत्याबाईंशी बोलताहेत. विचारलं.
"कुनाला ठावं. मिस कॉल व्हता, म्या उलट लावला. बाई हाये. लय ग्वाड बोलती, पर कळत काय न्हाई."
मग ठेवा ना!
"बाई बोलत आसताना फोन ठेवायचा? आपल्यात न्हाई तसं."

८ नोव्हेंबर
आबांचा बॅलन्स शून्य. परवाच भरलेला. ह्यांची सुट्टी, म्हणून हे आबांना घेऊन फाट्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. मीही गेले, बांगड्यांच्या निमित्तानं.
मोबाइलवाला म्हणाला, नंबर बाहेरदेशचा आहे. एक रिंग देतात, कापतात. आपण उलट फोन केला की मिनिटाला भरमसाट पैसे जातात, त्यातला वाटा त्यांना. म्हणून बोलत ठेवतात. "आणि आबा, ती बाईपण खरी नाही. टेप आहे."
वाटेत आबांच्या तोंडी पैशाचं काही नाही. "म्या तिला गुडघ्याचं सांगितलं", एवढंच दोनदा म्हणाले.
हसू दाबत भाकरी थापल्या. मग वाईट वाटलं. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या गुडघ्याचं ऐकतं कोण.

१० नोव्हेंबर
आबा पहाऱ्यावर. ह्यांनी बजावलंय, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. आबा उचलतात. शिव्या द्यायला.
मुंबईच्या एक बाई खोलीसाठी विचारत होत्या. "तुजी टेप बंद कर आदी!"
बुकिंग गेलं.

१३ नोव्हेंबर
वैशूला स्थळ आलंय. (नणंद माझी. लोणावळ्याला रिसॉर्टवर रिसेप्शनला रोज जाते.) मुलगा संदीप, सुदुंबऱ्याचा, मस्कतला क्रेन चालवतो. फोटो बघून "ठीक आहे" म्हणाली. तिचं "ठीक आहे" म्हणजे पेढे वाटावेत. आजवर प्रत्येकाला "शी!"
त्याच्या आईचा निरोप, पोरगा चार दिवसांत तिकडून फोन करेल. बायोडाटावर नंबर अर्थात आबांचा.

१६ नोव्हेंबर
घात झाला.
जेवताना आबा भलतेच खुशीत. "आज घावला चोर. बाहेरदेशचा नंबर. म्हनतो, आबा, मी संदीप, सुदुंबऱ्याचा. म्या म्हनलं, आता मराटी टेप बी काढली का रं?"
ह्यांचा घास हातातच.
"गावाचं नाव बी पाठ केलतं मुडद्यानं! लय झाडला त्याला."
वैशू ताटावरून उठली. तेव्हा कुठं आबांनी आमची तोंडं बघितली. "का? काय झालं?"

१७ नोव्हेंबर
सकाळीच संदीपच्या आईचा फोन. "आमच्या पोराला चोर म्हनलं तुमी. न्हाई जमायचं." ह्यांनी रजा टाकली, सुदुंबऱ्याला गेले. आबा गोठ्यात. चहालाही बाहेर येईनात. वैशू म्हणाली, "मरू दे वहिनी. मला कुठं करायचं होतं." आणि खोलीला कडी.
संध्याकाळी हे आले. आई घुश्शात, पण बाप हसत होता म्हणे. संदीपनं त्याला सगळं सांगितलेलं. फोनवर शेवटी संदीप आबांना म्हणाला होता, "आबा, मी टेप असतो तर एवढ्या शिव्यांनी कवाच बंद पडलो असतो."
कडी निघाली.
"काय म्हणाला? परत सांग, दादा."

१९ नोव्हेंबर
वैशूला त्याला फोन लावायचाय. आबा आडवे आले. "बाहेरदेशी उलट फोन? एवडं झाल्यावर?"
"आबा, त्याचाच नंबर आहे."
"आन् तितं त्योच बोलतोय, हे कशावरनं?"
तिनं लावला. परसात, पेरूखाली. एरवी पाहुण्यांशी गोड बोलते तसलं नाही, खरंखुरं हसत होती. मध्येच फोन तुटला. बॅलन्स खलास.
"बग. म्या सांगितलं व्हतं," आबा.
मग काठी घेऊन निघाले. तासाभरानं आले. वैशूच्या फोनमध्ये पैसे भरून आणले होते.

९ डिसेंबर
संदीप सुट्टीवर आलाय. आज आईबापासकट आमच्याकडे. आई फुगलेलीच, पोह्यांना हात लावेना.
आबा उठले, संदीपजवळ गेले, खांदा चाचपला. मग दंड.
"खराच हाय, आबा," तो म्हणाला.
"व्हय रं. चुकलं माजं."
आईनं पोहे खाल्ले. पण खाताखाता नेमकं विचारलं, "पोरगी मस्कतला जाईल का? का नोकरीसाटी हितंच ऱ्हाईल?"
हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. हे कुणी बोललंच नव्हतं. वैशू तिथंच म्हणाली, "ते आम्ही दोघं ठरवतो", आणि चपला घातल्या. दोघं गावामागच्या लेण्यांकडे फिरायला गेली.
दुपार कलली. सगळे ओट्यावर, मी आत चहाचं आधण ठेवून हे लिहितेय. दोन वेळा करून झाला, निवला. जाताना तर हसत होती दोघं. पण वैशूचं काही सांगता येत नाही.
बाहेर त्याची आई म्हणतेय, "लय येळ झाला. फोन लावून बगायचा का?"
आबा म्हणाले, "नगं. बोलू द्या त्यास्नी."