आत्याचे संवाद कोणाला द्यावेत याविषयी

मी, खाली सही करणारा, इंग्रजी कादंबऱ्यांचा लेखक, राहणार याच घरात वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि पुरता गोंधळलेलाही आहे. दोन्ही एकाच कागदावर लिहिता येत नाही असं वकील म्हणतात, पण मला दोन्ही एकाच वेळी होतं आहे.

कारण असं की गेल्या आजारपणात मेंदूतली एक शीर बंद पडली आणि माझं इंग्रजी गेलं. मराठी जागेवर आहे. ज्या भाषेवर जन्मभर पोट भरलं, ती आता शेजारच्या घरातल्या भांडणासारखी ऐकू येते. सूर कळतो, मुद्दा कळत नाही. 'टेबल' आणि 'डॉक्टर' हे शब्द तेवढे राहिले. ते कोणत्या बाजूचे म्हणायचे, हे मला ठरवता येत नाही.

कलम पहिलं. बँकेतली शिल्लक माझी थोरली बहीण, ताई, हिच्या औषधपाण्यासाठी ठेवावी. शिलाई मशीन मुळात तिचंच आहे, ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

कलम दुसरं, पुस्तकांबद्दल. माझ्या प्रत्येक कादंबरीत दोन्ही भाषा बोलणारी एक फटकळ आत्या आहे. ती म्हणजे ताईच. ताई पडदे शिवायला बसली की मी शेजारी स्टूल ओढून विचारायचो, "भाडेकरू भाडं बुडवून पळाला, तर आत्या काय म्हणेल?" मशीन न थांबवता ती म्हणायची, "मेल्या, जाताना दिवा तरी मालवायचास!" मी ते वाक्य इंग्रजीत न्यायचो आणि 'मेल्या' तेवढं तसंच ठेवायचो, म्हणजे बाई मूळची कुठल्या घरातली ते वाचणाऱ्याला कळावं. पुस्तक छापून आलं की ताई विचारायची, "माझं काय केलंस रे तिकडे?" मी उलटं मराठी करून सांगायचो. "हे मी नाही बोलले," ती म्हणायची. "एवढी सभ्य नाही मी." छापील पुस्तकांचं जे काही मानधन येईल, त्यातलं अर्धं तिचं आहे, अर्धं माझ्या नातीचं, तिच्याबद्दल पुढे चौथ्या कलमात येईल. कोण किती बोललं आणि मी किती लिहिलं, याचा हिशेब मला आता लागत नाही.

कलम तिसरं. माझे पहिले संपादक आत्याचा प्रत्येक मराठी शब्द तिरक्या अक्षरांत छापायचे आणि लगेच पुढे त्याचा अर्थ द्यायला लावायचे. 'ताई, म्हणजे मोठ्या बहिणी, मीठ दे' असं कोणत्या घरात बोलतात? त्यांना माझी एक पाय आखूड असलेली खुर्ची द्यावी. माझी माणसं त्यांनी जन्मभर तिरकी बसवली, आता स्वतः बसून बघावं.

कलम चौथं माझ्या नातीबद्दल आहे. घरात तिला सगळे बटण म्हणतात, कारण लहानपणी तिनं माझ्या सदऱ्याचं बटण गिळलं होतं. तिचे आईवडील आता हयात नाहीत. ती वाढली लांब, जिथे मराठी बोलणारं कोणी नव्हतं. तिला जे मराठी येतं ते माझ्या पुस्तकांतलं, म्हणजे मी इंग्रजीत न नेता मागे ठेवलेलं. हाका, शिव्या आणि उसासे. मी अंथरुणाला खिळलो तशी ती नोकरी सोडून आली. सकाळी गोळ्या पुढे करते आणि म्हणते, "मेल्या, औषध." कपाळ गरम लागलं की, "अगं बाई!" वकिलांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या हातचा चहा सांडला. मला मुळीच राग येत नाही. आत्या जीव लावलेल्या माणसालाच मेल्या म्हणते, हे पोरीनं बरोबर ओळखलंय. पण 'पाणी हवं का', 'फार दुखतंय का', हे तिला विचारता येत नाही. ती सगळी वाक्यं मी तिकडे नेली होती.

मध्यंतरी एका दुपारी ती पलंगाशी बसून बराच वेळ इंग्रजीत बोलली. शेवटी सूर प्रश्नाचा होता. मग ती वाट बघत राहिली. मी नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि ती डोळे पुसून उठून गेली. वकिलांकरवी विचारलं तर म्हणाली, काही नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तरुण पोर, इथे अडकून पडलीय, 'जाऊ का' असंच विचारत असणार, असा मी अंदाज केला आणि जड मनानं लिहिलं: बटणला परतीच्या प्रवासाचा खर्च द्यावा, तिला कोणी अडवू नये, आणि ताईच्या पश्चात घर विकावं.

वरील शेवटचं वाक्य रद्द समजावं. त्याचं कारण असं.

आज वकील हा मसुदा वाचून दाखवत असताना बटण आत आली. मागे ताई, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे तसेच. ताईनं तिला पाठीत ढोसलं.

"आजोबा," बटण म्हणाली, "मी इथेच राहू का?"

बोलण्याची चाल सगळी ताईची.

"तोंड काय बघतोस?" ताई म्हणाली. "तिला काय विचारायचंय ते डॉक्टरांकडून काढून घेतलं आणि रोज मशीनशी बसवून घोकून घेतलंय मी. उत्तर दे तिला!"

"राहा," मी म्हणालो.

बटण ताईकडे बघायला लागली. हा शब्द माझ्या एकाही पुस्तकात नव्हता. ताईनं तिचा दंड धरला आणि तिला पलंगावर माझ्या शेजारी बसवलं. "हे असं," ती म्हणाली.

म्हणून सुधारित कलम. हे घर ताई आणि बटण या दोघींचं, वाटणी न करता. मधे भिंत घालू नये. अशानं दोघी भांडतील असा इशारा वकिलांनी दिला आहे. भांडू देत. भांडायला पूर्ण वाक्यं लागतात. अर्धवट राहिलेल्या कादंबरीतली आत्या ताईनं बोलावी आणि बटणनं लिहावी, जमेल त्या भाषेत. अर्थ देऊ नयेत.

स्थळ: माझा पलंग.
वार शुक्रवार. तारीख वकिलांनी घालावी.

साक्षीदार: १. डॉक्टर. २. खालच्या दुकानातले चष्मेवाले.

लिहून ठेवणार: सही केली आहे. हात अजून इंग्रजीतच सही करतो. मला ती वाचता येत नाही. बटणनं वाचली आणि म्हणाली, "आजोबा."